बायजाआत्याचे धवले आणि जुना डेक

उरण,
४ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बायजाआत्येस,
सा. न. वि. वि.

घशाच्या ऑपरेशननंतर तुला फोनवर बोलता येत नाही आणि मोबाईलवरचे मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून हे पत्र. प्राप्तीच्या लग्नात धवले कोण गाणार, या विचाराने माझं कशातच लक्ष लागत नाही. माझ्या लेकीचं लग्न, आणि मांडवात विधींची गाणी म्हणायला धवलारीण नाही? शेवटी उपाय सुचला. माझ्या लग्नात तू गायलेल्या धवल्यांची कॅसेट अजून आहे. तीच लावू!

आता फक्त डेक घ्यायचाय. पनवेलला दोन जुने पाहिले. एक चंदेरी, आवाज असा की अंगावर काटा येईल, पण पट्टे झिजलेत. कॅसेट गुंतली तर? दुसरा डबल कॅसेटचा, दणकट, पण आवाज घोगरा. प्राप्तीचा भाऊ पियूष म्हणतो, कॅसेट दुकानात देऊन मोबाईलवर घ्या. एकुलती एक कॅसेट परक्या हाती द्यायला माझा जीव धजत नाही. हेमाली वैतागलीय, म्हणते, लेकीला नवरा शोधताना बापाने एवढ्या खेपा घातल्या नव्हत्या. कोणता घेऊ, लवकर कळव.

तुझ्या दोन ओळींची वाट बघणारा,
हितेश


किहीम,
१० नोव्हेंबर

चि. हितेशास,
अनेक आशीर्वाद.

अरे खुळ्या, त्या कॅसेटात मी नवरा हितेश आन् नवरी हेमाली असंच गायलेय. नावं घेतल्याशिवाय धवला पुढं जात न्हाय. ती मांडवात लावलीस तर जावई बसंल बाजूला आन् तुझंच लग्न परत लागंल! डेक राहू दे, सदूच्या आईला विचार, ती बी धवले गाते.

आन् मला ती कॅसेट ऐकवू नकोस. आवाज गेल्यापासून माझा पाय घरात ठरत न्हाय. कुनी लग्नाचं बोललं की उठून वाडीत जाते, नारळ मोजल्यासारखं करते. लई वाईट वाटतं रे.

सगळ्यांना माझी माया सांग.
बायजाआत्या


उरण,
१७ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्येस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी कपाळावर हात मारला, हेमाली हसून लोळली. सदूच्या आईने आपल्याच तारखेच्या दुसऱ्या लग्नाचा शब्द दिलाय. पण कॉलेजसाठी आमच्याकडे राहणारी तुझी नात सोनल म्हणाली, मी शिकते, नावं बदलून गाते. मग काय, दणकट डेक आणला! दहादा कॅसेट मागे घेतली तरी कुरकुरत नाही.

पोरगी छान गाते गं. फक्त एका जागी फटाके वाजलेत आणि तुझे शब्द दबलेत. तिथेच अडते आणि चिडून रडते. तेवढे शब्द लिहून पाठव. लग्न तोंडावर आलंय.

तुझा उतावळा,
हितेश


किहीम,
२१ नोव्हेंबर

चि. हितेशास,
अनेक आशीर्वाद.

शब्द लिहून पाठवत न्हाय. आपल्या घरच्या धवल्यात त्या जागी, जिनं शिकवलं तिचं नाव घ्यायचं असतं. मी माझ्या सासूचं, गोदूबायचं घेतलं होतं. सोनल कुनाचं घेनार? डेकचं?

शेजारच्या गणराजला रिक्षा काढायला सांगितलीय. आवाज नसला तरी ओठ हलवीन, मांडीवर ताल धरीन, चुकली तर चापट मारीन. माझं नाव घ्यायचं आसंल तर मला शिकवायला नको?

भाकरी टाकून ठेवा, येते.
बायजाआत्या