मशीन बंद, काम बंद

३ मार्च ९७
माझी योजना साहेबांकडून परत आली. तिसऱ्यांदा. कॉम्प्युटर बंद पडला तर कंपनीत कोणी काय करायचं, एवढंच लिहिलंय त्यात. साफसफाईसाठी टाकीत उतरायचा परवाना हल्ली मशीनच काढतं. मेंटेनन्सने मागायचा, प्रॉडक्शनने टाकी रिकामी करायची, सेफ्टीने आत विषारी वायू नाही ना ते तपासायचं. तिघांचं 'हो' आलं की छापून येतो. आणि मशीन मेलं तर? साहेब म्हणाले, "अहो मॅडम, मरेल कशाला? नवं आहे."
राखीव मशीन मागितलं होतं. आलं. साहेबांच्या केबिनमध्ये! त्यावर पत्ते खेळतात.

११ मार्च
पेणहून निघालेली गाडी कासूला अडकली. रोह्याला उशीर. ठेकेदाराकडचा, टाक्या साफ करणारा धर्मा पाटील कासूलाच चढतो. म्हणाला, "मॅडम, परवाना नाय, परवाना नाय करत आमी अर्धा दिस बसून र्‍हातो." खोटं नाही. पण आधी वायू न तपासताच उतरवायचे, ते विसरला.
बॅकअपची टेप रोज पेणला घरी नेते. राखीव मशीनवर ती चालते का, तेवढं बघू देत नाहीत. डाव मोडतो ना.

१९ मार्च
शेवटी झालंच. सकाळी वीज गेली, आली, मशीन उठेना. राखीववर टेप लावली. वाचतच नाही! प्रॉडक्शनचे कुलकर्णी मेंटेनन्सला फोनवर ओरडत होते, "माझी तोंडी परवानगी! उतरवा माणूस!"
धावत टाकीपाशी गेले. धर्मा निम्मा आत.
"धर्माभाऊ, वर या! वायू तपासला नाहीये!"
"कुलकर्णी सायब व्हय म्हनले ना..." बोलता बोलताच शिडीवरचा हात सुटला.
कमरेला दोर होता म्हणून. दोघांनी ओढून काढला. ओकला, मग पाणी मागितलं. मी तिथेच मातीत बसले.

२० मार्च
साहेबांच्या अहवालात कारण : कॉम्प्युटरमधील बिघाड. कुलकर्णींचं नाव कुठेच नाही. धर्मा घरी आहे, छाती जड वाटते म्हणे.

२६ मार्च
योजना मंजूर! पाच मिनिटं खूश होते. मग वाचली. माझं वाक्य, 'मशीन बंद असेल तर टाकीत कोणीही उतरणार नाही.' त्यात साहेबांनी घातलंय 'शक्यतो'.
"एक शब्द तर आहे, मॅडम."
"त्या एका शब्दातून माणूस आत जातो, साहेब."
तो काढून पुन्हा टाईप केलं, खाली माझी सही केली, समोर ठेवलं. धर्मा उद्यापासून कामावर येतोय. टाकी अजून अर्धीच साफ झालीय.
साहेबांनी कागद उचलला, वाचला. पेन उघडलं. सही होण्याआधीच फोन वाजला.