पत्र्याच्या खोलीची चिठ्ठी

मी, महादेवप्पा गुरपाप्पा बिराजदार, वय ७१, निवृत्त कॉलेज कारकून, राहणार लातूर, शुद्धीत असून स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवतो. मूलबाळ नाही. पत्नी उमादेवी दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात वारली.

१. घर माझ्या पगारातून बांधलेले आहे, वडिलोपार्जित नाही. खाली दोन खोल्या, वर दोन, गच्चीवर पत्र्याची एक. भूकंपानंतर उमादेवीने येथे औशाकडच्या मुलांसाठी क्लास काढला. ती अर्थशास्त्र शिकवीत असे. तिचे दोन नियम होते. दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून मुलांच्या जागा ठरवायच्या आणि कोणत्याही ठरावाला प्रत्येक शिक्षकाचे एक मत. "जागा कायम झाली की माणूस स्वतःला तेवढाच समजतो," असे ती म्हणे.

२. माझा धाकटा भाऊ बसलिंगप्पा याने क्लासमध्ये आपले सहा मास्तर भरले आणि त्यांच्या मतांवर गुणांप्रमाणे जागा लावल्या. हुशार मुले खाली कूलरजवळ, शेवटची तुकडी पत्र्याखाली. तिला शिकवायला उमादेवी. मे महिन्यात ती म्हणाली, वर बसवत नाही. तो म्हणाला, "वैनी, भूकंपात सगळं लातूर पत्र्याखालीच झोपलं न्हाई का? तवा बरं गोड लागलं." मास्तर हसले. मी तेथेच फीच्या पावत्या लिहीत होतो, लिहीत राहिलो. चौथ्या दिवशी ती फळ्याजवळ कोसळली, ती उठली नाही.

३. कूलर समोरच्या खानावळीतल्या हाजराबीला द्यावा. वर ताक पाठवणारी ती एकटीच होती.

४. घर आणि उमादेवीच्या वह्या तारामतीला. ती पत्र्याखालच्या आधीच्या एका तुकडीतली, आता शिक्षिका आहे. क्लासची पाटी काढावी. बसलिंगप्पाला दुसरा आसरा नाही, त्याला हयातभर राहू द्यावे. सोबत किनवट-हदगावकडचे चार गरजू विद्यार्थी ठेवावेत. माणसे पाच, खोल्या पाच. दर सोमवारी चिठ्ठ्या टाकाव्यात. त्याने एकदा जरी नकार दिला तर त्याच दिवशी त्याचा हक्क संपला.

५. उमादेवी असेही म्हणे, की नियम काय आहे ते नंतर पाहा, चिठ्ठ्यांचा डबा कोणाच्या हातात आहे ते आधी पाहा. मला ते उशिरा समजले. म्हणून पहिल्या वर्षाच्या चिठ्ठ्या मीच काढून पाकिटात बंद केल्या आहेत. मार्च ते जून, प्रत्येक सोमवारी बसलिंगप्पाच्या नावावर पत्र्याची खोली आहे.

हे उमादेवीला पटले नसते. तिला विचारायची सोय त्याने ठेवली नाही.

वाचून, दोघांसमक्ष सही केली.

म. गु. बिराजदार

साक्षीदार: भुजंग कदम, यासेर शेख

लातूर, सोमवार, ११ मे २००९