नायट्रेटसाठी काढलेली वाळू

२ नोव्हेंबर २०२५, रविवार
सकाळी माशांच्या टँकचं पाणी बदललं. वीस लिटर. दुपारी झोप नाही.
संध्याकाळी निर्णय घेतला. टँकमधली वाळू काढायची. बेअर बॉटम करायचा, म्हणजे तळाला नुसती काच. वाळूत घाण साठते, नायट्रेट वाढतं, कोरलला, म्हणजे प्रवाळाला, त्रास होतो. एका ऑस्ट्रेलियन माणसाने चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत हे नीट समजावलं आहे. निर्णय पूर्ण शास्त्रीय. टँक मृणालिनीचा होता आणि तिला जाऊन नऊ महिने झाले, याचा त्याच्याशी संबंध नाही.
नायट्रेट मोजलं. पाच. पाच म्हणजे उत्तम म्हणतात. तपासायचं किट जुनं असावं.

३ नोव्हेंबर, सोमवार
नवीन किट आणलं. पाच. हेही किट बरोबर वाटत नाही.
आल्विनला फोन केला. तो गिरगावातून, खोताच्या वाडीतून, महिन्यातून एकदा टँक बघायला येतो. मृणालिनी त्याच्याकडूनच सगळं शिकली. म्हणाला, पाच? अहो साहेब, लोक पाचसाठी माउंट मेरीला मेणबत्ती लावतात. वाळू कशाला काढता? मी म्हटलं, दूरदृष्टी. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण मनू झोपणार कुठे?
मनू म्हणजे मृणालिनीचा पिवळा मासा. बोटाएवढा. ती त्याला ‘ती’ म्हणायची, म्हणून मीही. रोज सातच्या सुमारास मनू वाळूत घुसते आणि आतच झोपते. सकाळी दिवे लागले की वर येते. त्या जातीची सवयच आहे.
मी म्हटलं, सवय बदलते. मुंबईत लोक बेस्टच्या बसमध्ये उभ्याने झोपतात. आल्विन म्हणाला, हो, पण ते उतरतात ना कुठेतरी.

५ नोव्हेंबर, बुधवार
मृणालिनीचा भाऊ शंतनु नायगावहून आला. त्याला मीच फोनवर सांगितलं होतं. सांगायला नको होतं. म्हणाला, भावोजी, ताईच्या टँकला हात लावताय? दहाव्याला काय बोललात ते आठवतंय ना?
आठवतं. बाणगंगेवर पाऊण तास कावळा पिंडाला शिवेना. शंतनु म्हणाला, ताई, आईला मी सांभाळीन. नाही. तिची मैत्रीण काहीतरी म्हणाली. नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा मी हळूच म्हटलं, टँक आहे तसाच ठेवीन. लगेच आला.
शंतनु गेल्यावर यावर शांतपणे विचार केला. टँक म्हणजे काचेची पेटी. वाळू ही पेटीतली वस्तू. पेटी आहे तशीच राहणार. शब्द मोडत नाही. शंतनुला फोन करून हे सांगितलं. म्हणाला, मला नका पटवू, त्या कावळ्याला पटवा.

९ नोव्हेंबर, रविवार
पहिला पट्टा काढला, डावीकडचा. नळीने वाळू ओढून बादलीत. पाणी काळं आलं, सडक्या अंड्यासारखा वास. बघा, घाण होती. मी म्हणत होतो.
वाळू गॅलरीत वाळत घातली. कठड्यावर एक कावळा बसला होता. मी त्याच्याशी बोललो नाही. फक्त आत जाताना नायट्रेटचा मुद्दा जरा मोठ्याने म्हटला. तो उडाला नाही.
६.५२ ला मनू उजवीकडच्या वाळूत गेली. आधी डोकं, मग एक झटका, मग काही नाही. जागा लक्षात ठेवली. जांभळ्या कोरलच्या पायाशी, दोन बोटं पुढे. सव्वासातपर्यंत तिथेच बघत होतो. वाळू हलली नाही.
हॉस्पिटलात मी खाली चहा प्यायला गेलो होतो, तेव्हाही सातच वाजत होते. वर आलो तर पडदा ओढलेला. हे इथे लिहिण्याचं काही कारण नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
टँकचे दिवे अकराला लागतात. मनू वर येईपर्यंत थांबलो. ११.२५. परळला ऑफिसात पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी. साहेबांना बँकेचं काम होतं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, माधवराव, बँकेने तुम्हाला आता खुर्ची द्यायला हवी.
संकल्प: उद्यापासून न थांबता निघायचं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
११.४०.

१६ नोव्हेंबर, रविवार
आल्विनने आठवड्याला एकच पट्टा सांगितला होता. दोन काढले. कामात गती आली की थांबू नये.
आता उजवा कोपरा तेवढा उरला. संध्याकाळी मनू बराच वेळ काचेवरून फिरली, शेवटी त्या कोपऱ्यात गेली. पुढच्या रविवारपासून दिसत राहील. म्हणजे तळ, स्वच्छ दिसत राहील.

२३ नोव्हेंबर, रविवार
शेवटची वाळू काढली. मनूला आधी बाजूला हाकललं. तळ चकचकीत. वाकून बघितलं तर आपलंच तोंड दिसतं, आणि मागे मृणालिनीची खुर्ची. खुर्ची हलवली.
सातला मनू खाली आली आणि डोकं काचेवर आपटलं. मग दुसऱ्या जागी. मग तिसऱ्या. पहिलाच दिवस आहे.
दिवे गेल्यावर टॉर्च लावून बघितलं. दगडाला टेकून होती. समोर, स्पष्ट. बरं वाटलं. प्रयोग यशस्वी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. टक. थांबून टक. टीव्ही मोठा केला. खालच्या मजल्यावरच्या श्रेयाने विचारलं, काका, सातला काय ठोकता रोज? म्हटलं, मासा. ती हसली.
टॉर्च लावला. मनू जागी होती. माशांना पापण्या नसतात, त्यामुळे यावरून काही ठरवता येत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
मनूच्या तोंडाजवळ पांढरा डाग. सकाळचं खाणं तसंच पडलं.
आल्विनला फोन. म्हणाला, साहेब, काचेच्या भांड्यात चार बोटं वाळू भरून आत ठेवा, ती त्यात झोपेल. पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, भांडं बेअर बॉटमच्या तत्त्वात बसत नाही.  तो म्हणाला, भांड्यात गेली तर दिसणार नाही, असं आहे का? मी म्हटलं, रेंज जातेय.
रेंज चांगली होती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
६.५०. मनू आपटत नाही. काचेवर आडवी पडली आहे. कल्ला हलतो, थांबतो, हलतो.
चहा ठेवला होता. उतू गेला. मी टँकसमोरून उठलो नाही. दिवे गेल्यावर टॉर्च लावला, ७.०५ ला कल्ला हलत होता. ७.१५ ला हलत होता. तेव्हा आल्विनला फोन केला आणि म्हटलं, घेऊन जा.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आल्विन सकाळी आठला आला. टँक बघितला, मग मला बघितलं. शेव्ह करा आधी, म्हणाला. मी म्हटलं, आता भांडं ठेवतो, वाळू गॅलरीत आहे. तो म्हणाला, नको. ती माझ्या घरी राहील, बायकोच्या, फिलोमिनाच्या टँकमध्ये भरपूर वाळू आहे. इथे तुम्ही तिला झोपू देत नाही, साहेब.
 तो पिशवीत पाणी भरताना मी त्याचा हात धरला होता, ते नंतर लक्षात आलं. त्याने सोडवून घेतला नाही. पिशवीला गाठ मारली आणि म्हणाला, मॅडम असत्या तर मला शिव्या घातल्या असत्या, एवढा उशीर का केला म्हणून.

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळी व्हिडिओ आला. कालचा, चार सेकंदांचा. मनू पिशवीतून निघते, सरळ खाली जाते, डोकं, झटका, शेपूट, मग नुसती वाळू. मागून फिलोमिनाचा आवाज: गेली बाय माझी झोपायला. दमली असेल गं.
आल्विनला विचारलं, आज वर आली का? म्हणाला, नाही अजून. दोन-तीन दिवस येणार नाही, दमलेले मासे असंच करतात. मी विचारलं, आणि आलीच नाही तर? म्हणाला, तर नाही आली. तुम्ही फोन करत बसू नका. या एकदा वाडीत, जेवायलाच या.
वाळू नायट्रेटसाठी काढली नव्हती.
सातला टँकचे दिवे गेले. पोळ्या संपल्या होत्या. एक वाटी तांदूळ धुतले, कुकर लावला, तीन शिट्ट्यांनंतर बंद केला.