गाडी आल्यावर जाणारे दिवे

सोलापूर, ९ डिसेंबर २०२४

तुला यायला लिवलं तर तू दिवे जोडायची डबी धाडलीस. कुरिअरवाल्यानं अंगठा न्हाय, सही घेतली माझी, तेवढंच समाधान.

चि. प्रियदर्शनीस आजी कस्तुराबाईचे आशीर्वाद. फोनवर तू नुसती हं हं करतीस, म्हणून कागद.

तुझा बाप उन्हाळ्यात गेला, त्याची फळीवरची खेळण्यातली आगगाडी तशीच हाय. टेशनाचे दिवे तेवढे जोडायचे राहिले. तुझी आई दिवेलागणीला फळीपुढं बसती. रडत न्हाय, बोलत न्हाय. वाढलं तर घासभर खाती. दिवे लागले तर तोंड उघडंल, म्हणून तुला बोलावलं.

शेवटी डबी मीच जोडली. तीन खुंट्या. मधलीला एक तार. दुसरी, कडंच्या ज्या खुंटीला दिवे लागले तितं आवळली. आता गाडी टेशनात शिरली की डबी टक् करती आन् दिवे जात्यात. गाडी गेली की लागत्यात. डबी येडी का मी, ते कळव.

लोभ हाय तेवढा तरी ठेव.
कस्तुराबाई

पुणे, १४ डिसेंबर २०२४

ती. आजीस साष्टांग नमस्कार वि. वि.

डबी शहाणी आहे. तिला रिले म्हणतात. गाडी आली की तिनं दिवे लावायचे. तू गाडी नसताना तपासलंस, म्हणून उलटी खुंटी धरलीस. आधी विजेची पिन काढ. मधली तार राहू दे. कडेची तार सोडून दुसऱ्या कडेला आवळ. बस.

मी येत नाही, कारण मलाही रडू येत नाही. तिथं सगळे माझ्या तोंडाकडे बघतील. तारा कशा जोडायच्या ते विचार, तेवढं सांगता येतं.

आईला नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी माया राहू दे.
तुझी प्रियदर्शनी

सोलापूर, २० डिसेंबर २०२४

चि. प्रियदर्शनीस आशीर्वाद.

पिन काढली. तार सोडायला सुरीचं टोक लावलं, तर तुझ्या आईनं माझं मनगट धरलं. म्हनली, “राहू द्या, आत्या. ते आल्यावरच दिवा मालवायचा असतो.”

तुला ठावं हाय, तुझा बाप अभिमन्यू मालगाडीवर रातपाळीला गेला की ती दारावरचा बल्ब चालू ठेवायची. तो आला की बंद करायची. वीजबिलावरनं मीच कितींदा बोलले तिला.

मी पिन परत लावली. गाडी तिनंच सोडली. टेशनात आली, दिवे गेले. गाडी तितंच थांबवून ती उठली, भाकरी मागितली, वर म्हनली चटणीत मीठ न्हाय. व्हतं की.

तार हाय तशीच ऱ्हाईल. तुझ्या कागदात चूक न्हाय, पण हितं ती चालायची न्हाय.

रडू येत न्हाय म्हणून घरी यायचं न्हाय, असं कुणी सांगितलं? हितं तरी कोन रडतंय.

म्हातारीवर जीव असू दे. आता मला लिवू नगंस. पत्र आईच्या नावानं घाल, मी फोडनार न्हाय. जबाब तुझ्या आईनं, वैजयंतीनंच द्यायचा.
कस्तुराबाई