सिराजची खवणी

१५ मे १९६२, फहाहील, कुवेत

पहाटे अंधारात निघायचं ठरलं होतं. सिराजसाहेब उठले ऊन वर आल्यावर! मी शहरात, आमच्या मुर्गाबच्या बोळात सायकल धरून उभा, आणि हा आत निवांत चहा पितोय. थंड वेळात कापायचं ते अंतर सगळं उन्हात कापलं. डांबर नुसतं पाघळत होतं.

समुद्राकाठानं सायकलवर खिरानच्या खाडीपर्यंत जायची कल्पना याचीच. बकरीदची सुट्टी आहे, तंबू टाकून राहू म्हणाला. मे महिन्यात! मी कबूल झालो ते एकाच कारणानं. अब्बांनी हा बिल्कीससाठी मनात धरलाय. त्यांनीच याला बाणकोटहून इथं आणला, आपल्या दुकानात लावला. पण बहीण माझी आहे. दुकानात सगळेच गुणाचे असतात, माणूस कळतो प्रवासात. अब्बा म्हणाले, "तू बघून ये, नूरुद्दीन. तू हो म्हणालास की निकाह."

बघतोय!

संध्याकाळी सामान सोडलं तर आतून निघाली खवणी. नारळ खवायची, लोखंडी, पाटासकट! सोबत एकच नारळ. विचारलं तर म्हणे, सुकटीत खोबरं नसेल तर घास उतरत नाही. तंबूच्या खुंट्या मात्र घरी राहिल्या. खुंट्या घरी आणि खवणी सायकलवर — हा माझ्या बहिणीचा संसार करणार!

१६ मे, सकाळ

रात्रभर घोरला. पुन्हा उशीर. आज याच्याशी बोलणार नाही.

१६ मे, संध्याकाळ. झोरच्या पलीकडे, मच्छीमारांची झोपडी

पडल्या पडल्या लिहितोय.

फहाहीलहून निघताना मी पाण्याचे दोन डबे बांधले होते. शुऐबाच्या पुढे वस्ती नाही, दुकान नाही, सावलीला झुडूपसुद्धा नाही. यानं त्यातला एक डबा चहावाल्याकडे ठेवून दिला. ओझं कशाला म्हणे! मी भडकलो, तर म्हणतो, किनाऱ्यानंच जातोय ना भाई, पुळणीमागं खणलं की गोडं पाणी. आणि मला ते पटलं! बाणकोटला खरंच तसं आहे. वाळूत हातभर खणावं आणि ओंजळीनं प्यावं, लहानपणी आम्ही सगळे तसंच प्यायलो. समुद्र आला म्हणजे त्याच्या मागं गोडं पाणी आहेच, हे आमच्या हाडात बसलेलं. इतकी वर्षं कुवेतात काढली, पाणी विकत घेऊन प्यायलो, तरी ते हाडातून गेलं नाही.

दुपारी डबा संपला. खणलं. पाणी लागलं — खारट, वर कडू जहर! आणखी मागं सरकून खणलं. तेच. तिसरा खड्डा तो नुसत्या हातांनी उकरत होता, आणि मी वर उभा राहून त्याला शिव्या घालत होतो. त्याच्या बापालासुद्धा सोडलं नाही. ही काय तुझ्या आजोळची वाडी आहे काय रे गाढवा! तो उकरतच राहिला.

मग माझा घाम थांबला आणि डोळे फिरले. पुढचं तुटक तुटक आठवतं. त्यानं मला पाठुंगळी मारून समुद्रात नेलं, गळ्यापर्यंत बसवलं. तंबूचं कापड भिजवून डोक्यावर धरलं. खवणीच्या लोखंडावर नारळ आपटून फोडला आणि पाणी माझ्या तोंडात ओतलं. सगळं. मी अर्धं तूही घे म्हणालो असेन, नसेनही. मग माझी सायकल आडवी टाकून तिच्यावर कापड पसरलं, एका टोकावर दगड, दुसऱ्यावर ती खवणी, आणि मला खाली सरकवलं. "इथून हलू नका भाई. मी माणसं शोधून आणतो."

त्या उन्हात आपल्या सायकलवर गेला. मी तिथं पडून कलमा म्हणत होतो. बिल्कीसला काय सांगतील, अब्बा काय करतील, हेच डोक्यात.

आला तो चालत. टायर फुटलं म्हणून सायकल वाटेत टाकून दिलेली. चप्पल तुटलेली, पायांना फोड, पाठीवर पखाल, मागून दोन मच्छीमार. ओठ फुटून रक्त आलेलं. पखालीचं तोंड आधी माझ्याकडे केलं.

१७ मे

तो अजून झोपलाय. घोरतोय. घोरू दे बापडा.

मच्छीमार म्हणतात, त्यांनी त्याला बस म्हटलं, सावलीत पाणी पी म्हटलं, तो उभ्यानं एक घोट घेऊन पखाल उचलून निघाला. काल मी त्याच्या बापाला काय काय बोललो! आता शरम वाटते. उशिरा उठतो तर उठू दे. कोण उठतं लवकर? उन्हात दुसऱ्याला आधी पाणी देणारा जावई अब्बांना कुठं मिळणार? ठरलं. घरी पोचलो की हो सांगायचं. बिल्कीस नशिबाची.

१८ मे, मुर्गाब

मच्छीमारांनी मिळवून दिलेल्या ट्रकनं परतताना मंगफजवळ उतरून पाय मोकळे करत होतो. मी त्याला म्हटलं, अब्बांना हो सांगतो. त्याचं तोंड उतरलं.

"नाही सांगा भाई. तुमच्या पाया पडतो."

गावी मामाची मुलगी आहे, कुबरा. तिला शब्द दिलाय. अब्बांच्या उपकाराखाली त्याला नाही म्हणता येईना. शिवाय मुलानं नाकारलं तर बिल्कीसचं नाव गावभर बदनाम होणार, तिच्या भावानं नाकारलं तर बोल फक्त मुलाला लागणार. म्हणून ही सायकलची टूम. उशिरा उठणं, विसरलेल्या खुंट्या, खवणी, सगळं मी चिडावं म्हणून.

"पाण्याचं मात्र खरंच चुकलं, भाई." घोरणंही खरं म्हणाला.

असा मुलगा हातचा सोडायचा!

रात्री जेवणानंतर अब्बांनी विचारलं, कसा आहे? मी नाही म्हटलं. का, म्हणाले.

खवणीपासून सुरुवात केली.