साडेसातचे ठोके

५ फेब्रुवारी २००२
चाललं! आईच्या छातीला पट्टा, पट्ट्यात माझं यंत्र, आणि तिचे ठोके दुकानातल्या रेडिओवर. मध्ये तार नाही. माजघर ते दुकान एकोणसाठ फूट — टेपने मोजलं. मिनिटाला बहात्तर.

गेल्या महिन्यात ती तुळशीपाशी चक्कर येऊन पडली, तेव्हा मी इथेच कुणाचा तरी टीव्ही उघडून बसलो होतो. वीस मिनिटं पत्ता नाही. आता कळेल. कॉलेजचं तोंड न बघता जमवलंय. पट्टासुद्धा जुन्या ट्रान्झिस्टरच्या चामडी कव्हरचा, टाके मीच घातले.

टेम्पोवाला करीम त्याचा टेप न्यायला आला. "श्यामभाऊ, कुठलं स्टेशन हे? नुसतं टकटक." म्हटलं, आई. थोडा वेळ कान देऊन उभा राहिला. "मग बदलू नका," म्हणाला.

६ फेब्रुवारी
सकाळी साडेसातला ठोके बंद. सोल्डरिंग आयर्न तसंच तापत टाकून धावलो. आई देव्हाऱ्यासमोर, पट्टा बाजूला काढलेला. "शिवू नको, सोवळ्यात आहे मी. मेले नाही." लीलेला बजावलं — सासू तुझी, जबाबदारी तुझी. ठोके पुन्हा थांबता कामा नयेत. "बरं," म्हणाली.

८ फेब्रुवारी
साडेसात ते सव्वाआठ — एकशे बारा. आणि मधला ठोका गळतो. टक, टक, टक — रिकामं — टक. एरवी दिवसभर बहात्तर. जेवण गेलं नाही.

९ फेब्रुवारी
तेच, त्याच वेळी. आधी अर्धा मिनिट शांत, मग वेगात. शांत म्हणजे तार सैल. सगळे जोड पुन्हा केले, सेल नवे घातले.

१० फेब्रुवारी
पंपाची खरखर शिरत असेल म्हणून पंप बंद केला. लीलेने पाणी शेंदून काढलं. उपयोग शून्य. उलट आज अकरा ठोके गळाले, काल सहा होते. पंप बंदच ठेवतो, शंका नको.

११ फेब्रुवारी
आईला डॉक्टरांकडे नेलं. कार्डिओग्राम स्वच्छ. "आनंदीबाई, तुम्ही मला पोचवाल." मग माझ्याकडे वळून, "देवापुढे बसलेल्या बाईचे एकशे बारा कसे होतील हो? खेळणं आहे ते."

खेळणं! माझं यंत्र चुकत नाही. म्हणजे आईचं काळीज चुकतंय, आणि ते फक्त मला ऐकू येतंय.

१२ फेब्रुवारी
चहा उशिरा. लीला विहिरीच्या कठड्यावर बसून होती — "दम लागतो हल्ली." तेरा ठोके गळाले.

१३ फेब्रुवारी
ठोके गळू लागले तसा रेडिओ हातात घेऊनच आत गेलो. आई पाटावर, गंध उगाळत. अंगावर पट्टा नाही. रेडिओ चालूच — टक, टक, रिकामं.

"चामडं सोवळ्यात चालतं काय रे? काढलं की तू धावत येतोस. म्हणून पूजेपुरता लीला घालते. तूच बजावलंस ना तिला?"

मागच्या दारी कळशी विहिरीत आपटली. हातातल्या रेडिओचे ठोके वाढत गेले.

१४ फेब्रुवारी
पंप सुरू केला. दुपारी लीलेला डॉक्टरांकडे नेतो.
यंत्र खेळणंच निघू दे.