सभागृहात कुणी न बोललेलं वाक्य

११ ऑक्टोबर १८८१, मेलबर्न

पुन्हा चिनी विधेयक! जहाजाच्या शंभर टनांमागे एकच चिनी उतरू द्यायचा म्हणे. माणसं आहेत की पोती? पण मला विचारतो कोण! मी सभागृहाचा लघुलेखक — ते बोलतात, मी उतरवतो.

१२ ऑक्टोबर

आज आमदार हॅनफर्ड बोलायला उठला. पार्डो ओढ्यावर सोनं निघालं तेव्हा त्याचं तिथे दुकान होतं. मी एकोणीस वर्षांचा, खाणीवर राबणारा. त्याला मी कुठला आठवायला! छातीवर हात ठेवून म्हणाला, "चिन्यांना आम्ही ओढ्यावरून हाकललं, पण एकाच्याही जिवाला धक्का लागला नाही!" चहूकडून "ऐका, ऐका!"

खोटं. धडधडीत खोटं. आ लुन मेला होता, ओढ्यावरचा चिनी भाजीवाला. कोबी विकायचा, मला एखादा जास्तीचा द्यायचा, हसून. चिन्यांना हाकलायला जमाव आला तेव्हा खाणीच्या एका सोडून दिलेल्या खड्ड्यात दोराने उतरून लपला. दोर मी वर ओढून घेतला. गंमत म्हणून! म्हटलं, राहू दे जरा, सकाळी काढू. रात्री पाऊस कोसळला, सकाळी खड्डा पाण्याने भरलेला.

वीस वर्षं झाली. बायकोलाही सांगितलं नाही. हल्ली कागदावर पेन घासलं की दोर ओढल्याचा आवाज येतो.

१४ ऑक्टोबर

छापखान्यातून प्रूफ आलं. वाचलं आणि पुन्हा वाचलं! हॅनफर्डच्या भाषणात, त्या वाक्यानंतर लगेच — "एक माणूस मेला. आ लुन त्याचं नाव." तो हे बोललाच नाही! हस्तलिखित काढून पाहिलं. अक्षर माझंच. लिहिल्याचं आठवत नाही. देवा!

प्रूफची एक प्रत हॅनफर्डकडे गेलीसुद्धा. भाषण ज्याचं, दुरुस्ती त्याची, असा नियम. आम्ही हात लावायचा नाही.

१५ ऑक्टोबर

हॅनफर्डच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. कडी वाजवली नाही. काय सांगणार होतो?

लेटी म्हणते, "अहो, चार घास तरी खा. कुणाचं मयत झाल्यासारखं तोंड करून बसलाय!"

१७ ऑक्टोबर

ब्रेमनरसाहेबांनी, आमच्या मुख्य लघुलेखकांनी, खोलीत बोलावलं. "बारा वर्षांत तुझा काना-मात्रा चुकला नाही. हे वाक्य तो बोलला?"

"नाही, साहेब."

"मग आलं कुठून?"

त्यांनी प्रूफ बाजूला सारलं.

"तो ते खोडणार आणि तुला घरी बसवणार. मी नाही वाचवू शकत, बाबा."

खोडू दे. बसवू दे घरी. पण खोडलं की आ लुन दुसऱ्यांदा बुडाला. आणि या खेपेलाही माझ्यादेखत. नोकरीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते.

१८ ऑक्टोबर

प्रूफ परत आलं. वाक्य खोडलेलं नाही. लाल शाईने फक्त दुरुस्त केलंय — "दोन माणसं मेली. आ लुन आणि वोंग सी." खाली हॅनफर्डची सही.

वोंग सी हे नाव मी कधी ऐकलेलं नाही.